ड्रीमलायनर विमान : बांधणी आणि सुरक्षितता

आमच्या कलघटगी परिसरातील अनेक घरांतली मुले परदेशी असतात. त्यांच्या प्रवासात येणाऱ्या बोइंग ७८७ ड्रीमलायनर या विमानाची माहिती येथे देत आहोत.

या विमानाचा वजनाने सुमारे निम्मा भाग कार्बन धाग्यांच्या संमिश्र पदार्थाचा असतो. विमान हलके झाल्याने इंधन कमी लागते. सुटे भाग अनेक देशांतून येतात. केबिनच्या तळाच्या काही तुळया नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत. जुळणी रखडल्याने मे २००८ मध्ये द्यायचे पहिले विमान सप्टेंबर २०११ मध्ये जपानला मिळाले. एअर इंडियाकडे ते २०१२ मध्ये आले.

जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनला उभ्या विमानातील लिथियम बॅटरी पेटली. नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसरे विमान बॅटरी बिघडल्याने तातडीने उतरवावे लागले. जगभरची ५० विमाने थांबवण्यात आली. बॅटरीभोवती पोलादी पेटी व धूर बाहेर सोडणारी नळी बसवण्याच्या अटीवर एप्रिलमध्ये परवानगी मिळाली.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले ड्रीमलायनर कोसळून २६० जण दगावले. विमानातील एकच प्रवासी वाचला. मृतांत महाराष्ट्रातील कर्मचारीही होते. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच बंद स्थितीत गेले, असे प्राथमिक अहवाल सांगतो; ते का गेले, हे त्यात नाही. म्हणून वैमानिकांना किंवा विमानाला परस्पर दोषी ठरवणारे संदेश सभासदांनी पुढे पाठवू नयेत, अशी आमची विनंती आहे. त्यांच्या घरीही आईवडील आहेत.