बारीच्या आधीचा पेशंट: केमोथेरपीची खरी सुरुवात

केमोथेरपीच्या जन्माची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २ डिसेंबर १९४३, इटलीतलं बारी बंदर. जर्मन विमानांनी दोस्त राष्ट्रांची जहाजं बुडवली. त्यातल्या ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजावर मस्टर्डचे सुमारे २००० बॉम्ब होते, तेही गुपचूप आणलेले. शेकडो खलाशी अंगावर फोड घेऊन हॉस्पिटलात पोचले. कारण शोधायला आलेल्या डॉ. स्टुअर्ट अलेक्झांडर यांना दिसलं, की रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतायत. आणि त्यातूनच केमो आली, असं सांगतात.

पण जरा तारखा लावून बघा. येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी ऑगस्ट १९४२ मध्येच मस्टर्डचा भाऊबंद, नायट्रोजन मस्टर्ड, एका पेशंटला दिला होता. त्याला लिम्फोमा होता. नोंदीत त्याची ओळख फक्त ‘जे. डी.’ अशी आहे. गाठी भराभर विरघळल्या, पण काही आठवड्यांत परत आल्या. १ डिसेंबर १९४२ ला तो गेला. बारीच्या वर्षभर आधी! संशोधन युद्धाचं गुपित होतं, त्यामुळे निष्कर्ष १९४६ मध्ये छापले गेले.

गंमत म्हणजे, हे औषध नेमकं काय करतं ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. डीएनएची रचनाच १९५३ मध्ये उलगडली. नंतर कळलं, की या रेणूला दोन हात असतात. प्रत्येक हात डीएनएमधल्या ग्वानीन या बेसला चिकटतो, म्हणजेच त्यावर अल्किल गट बसतो. दोन हातांनी समोरासमोरचे दोन धागे धरले, की ते जणू टाचले जातात. मग धागे उलगडत नाहीत, कॉपी होत नाही आणि पेशी मरते. सतत विभागणाऱ्या पेशींना हा फटका जास्त बसतो. त्यात कॅन्सर येतो, तशी अस्थिमज्जा आणि केसांची मुळंही येतात. केमोत केस का गळतात, याचं उत्तर इथे आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, ‘कोड चालतोय ना, मग हात लावू नकोस.’ इथे मात्र पणाला लागला होता माणसाचा जीव.

याच कुळातलं सायक्लोफॉस्फामाइड आजही कॅन्सर वॉर्डात वापरलं जातं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी बारीची गोष्ट सांगितली, तर त्यांना जे. डीं.बद्दलही सांगा. भेटू पुढच्या भागात!