बांधावरची बाभूळ आणि आमचे तात्या



गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या रानाची सरकारी मोजणी झाली. खुणा पडल्या, जेसीबी लावला आणि जुना बांध मूळ जागी नेला. गावात लगेच चर्चा, "भावकीत लागलं वाटतं भांडण." भांडण नाही लागलं. उलट पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी जे भांडण व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्याची ही गोष्ट आहे.

तात्या माघात गेले. वय ७९. वडिलांचे चुलत भाऊ, म्हणजे माझे चुलते, आणि बांधाला बांध लागून शेजारी. गावात त्यांना 'मिल्ट्रीवाले तात्या' म्हणायचे. पहाटे चारला उठायचे, अंगणात सडा पडायच्या आत रानात. डाव्या पायानं किंचित लंगडायचे, पण वैरणीचा भारा कधी दुसऱ्याला उचलू दिला नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यात घराघरात फौजी का, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर नावातच 'मिलिटरी' जोडलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. शौर्य आहेच, पण त्याच्या मागं शेतीचा हिशोबही आहे. खटाव-माणकडची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. ज्वारी आली तर आली. म्हणून दोन पोरं असली की एक औतामागं आणि एक पलटणीत. मनीऑर्डर आली की बी-बियाणं. तात्यांना मात्र भाऊ नव्हता. वडील लवकर गेले. घरी आई आणि सात एकर कोरडवाहू. तरी १९६६ ला ते बेळगावला भरती झाले आणि जमीन माझ्या आजोबांना अर्धलीनं करायला दिली. आजोबा म्हणजे त्यांचे सख्खे चुलते. दुसऱ्या कुणावर विश्वास टाकणार?

तात्या गेले ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत. ही पलटण १७६८ सालची, म्हणजे आपल्या माधवराव पेशव्यांच्या काळातली. १९७१ च्या डिसेंबरात ती मेघालयातल्या गारो टेकड्यांकडून पूर्व पाकिस्तानात उतरली. ४ डिसेंबरला सीमेवरचं कमालपूरचं ठाणं पडलं. पुढं बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रेचं जुनं पात्र आणि पलीकडच्या काठावर जमालपूर. तिथं पाकिस्तानची बलुच पलटण पक्के मोर्चे करून बसलेली. समोरून नदी ओलांडणं म्हणजे मरण. म्हणून आपले लोक लांबून नदी पार करून जमालपूरच्या मागं गेले आणि डाक्क्याकडं जाणारा रस्ता अडवून बसले. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. नंतर १९८४ मध्ये जनरल म्हणून ज्यांचं नाव देशभर झालं, तेच.

९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडिअर क्लेर यांनी एका स्थानिक माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवली, शरण या म्हणून. उत्तर आलं ते कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी घेऊन. १० तारखेच्या रात्री ते लोक वेढा फोडून डाक्क्याकडं निघाले आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले. रात्रभर चाललं. ११ ला सकाळी जमालपूर पडलं. डाक्क्याची उत्तरेकडची वाट मोकळी झाली आणि १६ डिसेंबरला युद्ध संपलं. सुमारे ९३ हजार युद्धकैदी, हा आकडा आपण शाळेत पाठ केलाय.

तात्यांच्या पोटरीत तुकडा घुसला तो त्याच रात्री.

पण तात्यांना विचारलं की ते लढाईचं कमी आणि मातीचं जास्त सांगायचे. "आरं, काय ती गाळाची माती! खडा म्हणून न्हाई. आपल्याकडं मुरमात खणताना पहार वाकती. तिथं हातभर खणलं की पाणी." मोर्चे भाताच्या खाचरातच खणलेले. बाजूला भात पिकून उभं आणि कापायला माणूस नाही. सगळी माणसं जीव घेऊन पळालेली. त्या वर्षी तिकडून जवळजवळ एक कोटी माणूस आपल्या देशात आलं होतं. "पिकलेलं पीक टाकून शेतकरी कवा पळतो, सांग बरं?" असं ते विचारायचे आणि गप्प बसायचे.

पायामुळं तात्या १९७२ च्या उन्हाळ्यात कायमचे घरी आले. त्याच साली पाऊस दगा देऊन गेला. बहात्तरचा दुष्काळ मी पाहिला नाही, ऐकलाय. रेशनवरचा लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून हाताला पडलेले फोड. ढाक्याची वाट मोकळी करून आलेला माणूस सहा महिन्यांत आमच्या पाझर तलावाच्या कामावर पाटी-फावडं घेऊन उभा होता, लंगडत. शेजारी माझे आजोबा. दोघं एकाच हजेरीपटावर.

आता बांधाकडं येतो.

आमच्या रानात बांधापासून तीन मीटर आत एक जुनी बाभूळ आहे. लहानपणी मला कोडं पडायचं, की तात्या दरवर्षी शिमग्यानंतर आमच्या रानात येऊन या बाभळीच्या फांद्या कुंपणाला तोडून नेतात आणि घरचं कुणी काही बोलत नाही. एकदा नववी-दहावीत असताना मी सरळ विचारलं, "तात्या, बाभूळ आमची आहे ना?" तात्या हसले. "बाभूळ बांधावरची हाय बाळा. बांध चालत गेला. बाभळीला पाय नव्हते."

बांध कोरणं कशाला म्हणतात, हे इथं शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. दरसाल एक-दोन तास पलीकडं घ्यायचे. जमीन एकाच्याच हाताखाली, मालक सीमेवर, विचारणारं कोण? १९६४ साली कुळकायद्यात फौजेतल्या लोकांसाठी खास प्रकरण घातलं, कुळाकडून जमीन परत घेता यावी म्हणून. कुळापासून जमीन सोडवायला कायदा होता. चुलत्याच्या नांगराचं काय करणार?

मी तात्यांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? तेव्हा जे सांगितलं ते जसंच्या तसं आठवतंय. "मी नसताना तुझ्या आज्यानं माझ्या आईचा वाटा एका साली बुडवला न्हाई. तार आली तवा वाचून दाखवायला तोच आला. चार तासासाठी त्याला चावडीवर उभा करू?" मग थोडं थांबून म्हणाले, "आन् मी अख्खी शिवारं सुटलेली माणसं बघून आलतो."

आता एवढ्यावर तात्यांना देवमाणूस ठरवून मोकळं होता येईल. पण ते दरवर्षी फांद्या तोडायला येत होते. विसरले नव्हते. आपला हक्क तेवढ्यापुरता जिवंत ठेवत होते, आणि आम्ही गप्प राहून तो मान्य करत होतो. पन्नास वर्षं दोन घरांत हा करार तोंडातून शब्द न काढता चालला.

तेराव्यानंतर मी दादाला, म्हणजे तात्यांच्या मुलाला म्हणालो, मोजणी करून घेऊ. तो म्हणाला, "राहू दे रे, तात्यांनी कधी काढलं नाही." मी म्हटलं, म्हणूनच.

मला धास्ती माझ्या वडिलांची होती. त्यांच्या बापाचं नाव निघणार होतं. ते दोन दिवस बोलले नाहीत. मोजणीच्या दिवशी मात्र काठी टेकत रानात आले, बाभळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथं खणा." वीतभर खाली हद्दीचा जुना दगड निघाला. भूकरमापकाच्या यंत्रानं दाखवलेली रेघ त्याच्याजवळूनच गेली. वडील दगडाकडं बघत म्हणाले, "औत मीच हाकत होतो. चौदा वर्षांचा होतो. आबा म्हणाले, अजून एक तास घे. मी घेतला."

बांधाची लांबी ८२ मीटर, सरासरी तीन मीटर आत. म्हणजे अडीच गुंठ्याच्याही आत. एका हंगामात फार तर पोतं-दीड पोतं ज्वारी. एवढ्यासाठी वडील ५५ वर्षं तात्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलले नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

नवीन बांध घालताना वरच्या अंगाला चर काढला, माती उताराच्या खालच्या अंगाला टाकून दाबून घेतली. ही तात्यांची शिकवण. ते म्हणायचे, "मोर्चाची माती दुश्मनाच्या तोंडाला टाकायची, बांधाची माती पाण्याच्या वाटंला. उलटं केलं की दोन्हीकडं मेलाच." सरकलेला बांध कच्चा होता, उत्तरेच्या पावसात दरवर्षी फुटायचा आणि वरची माती ओढ्याला जायची. आता खस लावतोय. बाभूळ पुन्हा बांधावर आली.

मंडळी, दोनच गोष्टी सांगायच्यात. भावकीतले जुने लोक आहेत तोवर हद्दीचे दगड दाखवून घ्या, यंत्र रेघ दाखवतं पण ती का सरकली ते सांगत नाही. आणि गावात कुणी फौजी म्हातारा असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. लढाईचं विचारलं तर बोलणार नाही कदाचित. तिथली माती कशी होती ते विचारा.