नदीकडे जाणारी वाट

आमचें यवतमाळ शहर उंच पठारावर वसलेलें आहे. नदीकांठचें गांव म्हटलें म्हणजे घाट, देऊळ आणि पाण्यांत डुंबणारीं मुलें असें जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, तें या शहराला लागू पडत नाहीं. परंतु जिल्ह्याची गोष्ट निराळी आहे. एका सीमेवरून वर्धा आणि दुसऱ्या सीमेवरून पैनगंगा वाहते. मधल्या प्रदेशांतून वाहणाऱ्या बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, निर्गुडा या नद्या शेवटीं त्या दोघींच्याच पोटांत जातात. पुसद शहर पूस नदीवर, वणी निर्गुडेवर आणि घाटंजी वाघाडीवर वसलें आहे. आज मला बोलावयाचें आहे तें या नद्यांच्या पाण्याविषयीं नव्हे, तर गांवांतून त्या पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटेविषयीं. ती वाट कोणाला बंद होती, कोणीं उघडली आणि पुढें ती पुन्हा कशी बुजली, याचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पाण्याची वाट नुसत्या ठरावानें उघडत नाहीं. ती चालणाऱ्या पायांनीं उघडते, आणि ते पाय बहुतेक वेळां तरुणांचे असतात.

पूर्वींचा पाणवठा म्हणजे गांवाचें दुसरें चावडीघरच होतें. पहांटे घागरी येत, उन्हें वर आलीं कीं धुणीं येत, दुपारीं गुरें येत. सासरीं आलेल्या मुलीला मोकळेपणानें चार शब्द बोलावयास तेवढीच एक जागा असे. हें चित्र रंगवितांना आपण वृद्ध मंडळी गहिवरून जातों. पण त्यांतला एक भाग सोयीस्करपणें विसरतों. तो पाणवठा सर्वांचा नव्हता. वरच्या अंगाला कोणीं भरावें आणि खालच्या अंगाला कोणीं, हें जातीवरून ठरलेलें असे; आणि कित्येकांना तर दुसऱ्या कोणाला दया येऊन त्यानें वरून ओंजळींत पाणी ओतीपर्यंत ताटकळत उभें राहावें लागे. पाणी वाहतें होतें, वाट मात्र अडविलेली होती.

ही अडविलेली वाट उघडण्याचा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा प्रसंग विदर्भांत नव्हे, तर कोंकणांत, महाड शहरीं घडला. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं रावबहादुर सी. के. बोले यांनीं मुंबई कायदेकौन्सिलांत ठराव मांडून सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात हें तत्त्व मान्य करून घेतलें. त्यास अनुसरून १९२४ मध्यें महाडच्या म्युनिसिपालिटीनें शहराच्या मध्यभागीं असलेलें चवदार तळें सर्वांना खुलें केलें. कागदावर काम पुरें झालें. परंतु पुढें तीन वर्षें लोटलीं, तरी त्या तळ्याचें पाणी पूर्वींप्रमाणेंच अस्पृश्यांपासून दूर राहिलें. ठराव दप्तरांत होता आणि भीति रस्त्यावर होती.

ता. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती घडवून आणण्यासाठीं खटपट करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे हे होते. जन्म १९०३ चा, म्हणजे त्या वेळीं वय अवघें चोवीस. लहानपणीं महाडच्या शाळेंत प्रवेश मिळविण्यासाठींच त्यांना झगडावें लागलें होतें. परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाही अजून छत्तिसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. दुसऱ्या दिवशीं सर्व मंडळी मिरवणुकीनें तळ्यावर गेली, आणि डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या मागून इतरांनीं तें पाणी प्राशन केलें. पुढें मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली, म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला, आणि प्रकरण कोर्टांत गेलें. ता. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. तळ्याच्या कांठावरील चार पावलांना असा दहा वर्षांचा काळ लागला. तथापि हीं पावलें पडलीं नसतीं, तर १९२४ चा तो ठराव आजही एखाद्या कपाटांत सुखानें झोंपलेला सांपडला असता.

आपल्या वऱ्हाडांतही हें वारें पोंचलें. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले तेव्हां तिशीच्या आंतबाहेर होते. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचें काम त्यांनीं त्याच उमेदींत हातीं घेतलें.

हक्काची वाट अशी उघडली. पण पाण्याकडे जावयाची दुसरीही एक वाट असते, आणि ती दगडमातीची असते. कांठ निसरडा असेल, पायऱ्या नसतील, तर म्हातारी माणसें आणि लेंकुरवाळ्या बायका यांचा हक्क कांठावरच अडतो. ही दुसरी वाट घालणारा पुरुष आपल्याच प्रांतांत होऊन गेला. श्रीगाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं शेंडगांव येथें झाला. ऐन तारुण्यांत, १९०५ सालीं, त्यांनीं घर सोडलें. त्यांच्या आरंभींच्या कार्यांत पूर्णा नदीवरील ऋणमोचन येथील घाट आहे. तेथें पौष महिन्यांतील रविवारीं यात्रा भरते. यात्रेकरूंना नदींत उतरावयाची अडचण पाहून महाराजांनीं तेथें घाट उभा केला. अंगावर चिंध्या, हातांत खराटा, आणि काम मात्र गवंड्याचें! पुढें त्यांनीं पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा बांधल्या, त्या सर्वांना ठाऊक आहेत. पण मला स्वतःला त्यांच्या चरित्रांतली नदीची ही वाटच अधिक मोलाची वाटते. कारण तींत उपदेशाआधीं मातीला हात लागला.

स्वातंत्र्यानंतर घरोघर नळ आले. ही चांगली गोष्ट झाली, यांत शंका नाहीं. डोक्यावरच्या घागरींचें ओझें ज्यांनीं वाहिलें, त्या बायकांना विचारा. परंतु नळ आला तसा गांवानें नदीकडे पाठ फिरविली. घरांचीं दारें रस्त्याकडे झालीं आणि मोऱ्या नदीकडे. यवतमाळ शहर निळोणा व चापडोह या जलाशयांवर विसंबून राहूं लागलें. २०१८ च्या उन्हाळ्यांत त्यांचें पाणी आटलें, तेव्हां शहराला टँकरच्या रांगेंत उभें राहावें लागलें. आणि २०२३ च्या जुलैमध्यें याच जिल्ह्यांत असा पाऊस झाला कीं, महागांव तालुक्यांत पुरानें वेढलेल्या माणसांना सोडविण्यासाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें मागवावीं लागलीं. पाणी आटलें म्हणजे आपण आकाशाकडे पाहतों, आणि पाणी चढलें म्हणजेही आकाशाकडेच पाहतों. आपल्या दाराजवळचा ओढा कोठून येतो आणि कोठें जातो, हें पाहण्याची संवय मात्र सुटली.

ही संवय सुटण्यांत माझाही वांटा आहे, तो येथें सांगितला पाहिजे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं मी शिक्षक होतों. श्रावणांतील एका दुपारीं माझ्या वर्गांतला एक मुलगा नदीच्या डोहांत बुडाला. त्याची आई कांठावर बसून ज्या आवाजांत रडत होती, तो मला अजून ऐकूं येतो. दुसऱ्या दिवशीं मीं मुलांना सक्त ताकीद दिली : नदीवर कोणीं जावयाचें नाहीं, जो जाईल त्याला छडी. मुलांनीं ती आज्ञा पाळली. त्यांच्या मागून आलेल्या मुलांनींही पाळली. वर्षें गेलीं. एकदां भूगोलाच्या तासाला मीं विचारलें, "आपल्या गांवची नदी कोणती?" वर्ग गप्प. शेवटीं एक मुलगा भीत भीत म्हणाला, "गुरुजी, बाजारामागं तो नाला आहे, तीच का?" त्या दिवशीं मला कळलें कीं, एका मुलाच्या मृत्यूनें मीं शेंकडों मुलांची नदी नाहींशी केली होती. मुलांना पोहावयास शिकविणें, डोह कोठें आहे तें दाखविणें, हें माझें काम होतें. मीं सोपें काम केलें. वाट बंद केली.

पुढच्या रविवारीं पालकांची परवानगी घेऊन मी वर्गांतील वीस-बावीस मुलामुलींना नदीवर घेऊन गेलों. बरोबर दोर होता, आणि त्या नदींत सारा जन्म काढलेले एक वृद्ध भोई होते. त्यांनीं कोठें उथळ, कोठें खोल, कोठें चिखल, तें काठीनें दाखविलें. गाळ आणि कचरा उपसतांना खालीं दगडी पायऱ्या लागल्या. चार रविवार काम केल्यावर सात पायऱ्या मोकळ्या झाल्या. पांचव्या रविवारीं एक म्हातारी काठी टेंकीत आली, एका पायरीवरच्या झिजलेल्या दगडावर हात फिरवून म्हणाली, "गुरुजी, हा गोटा माह्या सासूचा हाये." एवढें बोलून ती बराच वेळ तेथेंच बसून राहिली.

याचा शेवट गोड झाला असें मात्र मी सांगणार नाहीं. पावसाळ्यांत गाळ पुन्हा आला. गटाराचें पाणी वळवावें म्हणून मुलांनीं अर्ज लिहिला. त्यावर शिक्का पडला, आणि पुढें कांहीं झालें नाहीं. पण त्या मुलांनीं त्या पाण्याला पुन्हा कधीं नाला म्हटलें नाहीं. आज त्यांतलीं कित्येक मुलें स्वतः आईबाप झालीं आहेत, आणि भेटलीं म्हणजे प्रथम त्या पायऱ्यांची चौकशी करतात.

भीतीपोटीं वाट बंद करणें किती महाग पडतें, याचा दाखला युरोपांतही आहे. पॅरिस शहरांत सीन नदींत पोहण्यास १९२३ मध्यें बंदी झाली. ती उठून सामान्य नागरिकांना नदींत उतरतां यावें, यासाठीं २०२५ चा जुलै उजाडावा लागला. मधल्या काळांत तीन पिढ्या नदीकडे नुसत्या पुलावरून पाहत राहिल्या, आणि पाणी निर्मळ करण्यासाठीं अब्जावधि रुपये खर्ची पडले. नदी उघडली तीही बेफिकिरीनें नव्हे : पोहण्याच्या जागा आंखलेल्या, जीवरक्षक नेमलेले, आणि पाणी तपासून धोका असेल त्या दिवशीं मनाई. मीं छडीनें जें साधूं पाहिलें, तें त्यांनीं व्यवस्थेनें साधलें.

आपल्याकडे ही व्यवस्था करणारे हात नाहींत असें नव्हे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिच्यांत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास समाजकार्याला द्यावेत अशी अपेक्षा असते. यवतमाळ जिल्ह्यांतील महाविद्यालयें ज्या अमरावती विद्यापीठाला जोडलेलीं आहेत, तें १९८३ मध्यें स्थापन झालें, आणि २००५ मध्यें त्याला श्रीगाडगे महाराजांचें नांव देण्यांत आलें. म्हणजे आमच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर एका घाट बांधणाऱ्याचें नांव असतें! त्यांतल्या कितीजणांनीं आपल्या गांवच्या नदीची पायरी पाहिली आहे?

एक दिवस खराटे घेऊन जावें, छायाचित्र काढावें आणि परतावें, यानें कांहीं साधत नाहीं. माझी सूचना लहान आहे. प्रत्येक शहरांतील विद्यार्थ्यांनीं प्रथम आपल्या नदीकडे वा ओढ्याकडे जाणाऱ्या सर्व जुन्या वाटांचा नकाशा करावा. कोणती वाट उघडी आहे, कोणती कुंपणानें बुजली, पायऱ्या कोठें आहेत, गटार कोठें मिळतें, डोह कोठें आहे, हें धोब्यांना, भोयांना आणि म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहावें. आज तेथें कोण जातें याबरोबरच कोण जाऊं शकत नाहीं, हेंही लिहावें. मुली सायंकाळीं जाऊं शकतात काय, लंगड्या माणसाला उतरतां येतें काय, कोणत्या वस्तीला अजूनही कांठ परका आहे काय. मग तो नकाशा नगरपालिकेपुढें ठेवावा, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला ठेवीत राहावा. शाळांनीं पोहणें शिकवावें, आणि पालकांनीं मुलांना अडवावयाचें सोडून त्यांच्याबरोबर जावें.

महाडचा ठराव तीन वर्षें दप्तरांत पडून होता, हें आपण वर पाहिलें. आमच्या मुलांचा अर्ज त्याहून अधिक काळ पडून आहे. परंतु त्या सात पायऱ्या गाळाखालीं अजून शाबूत आहेत. गेल्या मार्गशीर्षांत मी तेथें जाऊन आलों; वरची एक पायरी कोणीतरी झाडून ठेवली होती.