ख्रिस्ताच्या देवळातले टाळ

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सोलापूरच्या रस्त्याला लागली, की आमच्या लोणी काळभोरला उतरते. पुढे यवत, वरवंड करीत ती पंढरीची वाट चालू लागते. त्याच वाटेवर, यवताच्या पलीकडे, केडगाव आहे. आणि केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. शाळेत मराठी शिकवताना मला या शेजाराचे नेहमी नवल वाटत आले आहे. तुकोबांचा अभंग आणि येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमान एकाच रस्त्यावर नांदतात, आणि एकमेकांना ओळखतातही.

पुष्कळांचा समज असा, की माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे तो एकदाच काय तो बदलला. मग आयुष्यभर बाकावर बसून साहेबाच्या चालीवर गाणी म्हणायची. पण महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींचा इतिहास वाचला तर ध्यानात येते, की खरी परीक्षा बाप्तिस्म्यानंतरच सुरू होते. काय टाकायचे, काय ठेवायचे, आणि टाकलेले पुन्हा उचलायचे की नाही, या प्रश्नांवर त्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले आहेत.

पहिला धडा फार जुना आहे. १५७९ साली फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. नव्या ख्रिस्ती लोकांना वाचायला काही हवे, म्हणून त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. परक्या मुलखातून आलेल्या या माणसाने ज्ञानोबांची ओवी हाती घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलाची कथा सांगितली. त्याला कळले होते, की पुराण ऐकायला बसलेल्या माणसाला पुराणच सांगावे लागते.

हा धडा पुढे विसरला गेला. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री मुंबईत आले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. त्यांनी शाळा काढल्या, ‘ज्ञानोदय’ सुरू केला. मराठीवर त्यांचे उपकार आहेत. पण उपासनेत गाणी आली ती बहुतेक इंग्रजी चालींवर बसवलेली. आता इंग्रजी पद्य चालते ते शब्दावरच्या आघातावर, आणि आपले पद्य चालते ते अक्षरांच्या व मात्रांच्या हिशेबावर. परक्या चालीत मराठी शब्द कोंबला, की ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते आणि दीर्घाला चिमटा बसतो. माझ्या वर्गातले पोरसुद्धा असे गाणे ऐकून हसेल. आणि जे गाणे ओठांवर बसत नाही, ते घरी चुलीपाशी कोण गुणगुणणार?

नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी हे ओळखून ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. तिचा राजमार्ग केला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्तापर्यंत तुकोबांनीच आणून सोडले, असे ते मानीत. त्यांनी अभंग रचले, भजने रचली. टाळ, मृदंग, वीणा यांना उपासनेत जागा मिळाली. आज मराठी ख्रिस्ती मंडळी जे ‘उपासना संगीत’ हाती धरून गातात, त्यात टिळकांची गीते शेकड्यांच्या हिशेबात मोजावी लागतात.

वाचकांना वाटेल, मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतले असेल. काहींनी घेतले; काहींची मने मात्र दुखावली. त्यांचे दुःखही समजून घ्यावयास हवे. नगरकडच्या खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांत गावकुसाबाहेरचे लोक फार. देवळाची पायरी त्यांना कधी चढू दिली नव्हती. ज्या देवळाने दार लावून घेतले, त्याच देवळाचे टाळ पुन्हा कानाशी वाजावेत, हे त्यांना कसे रुचावे? ब्राह्मणाच्या घरून आलेल्या टिळकांना जी माहेरची ओढ होती, ती त्यांना का असावी? पण याच लोकांच्या वस्तीत चोखोबांचा अभंगही पिढ्यान्‌पिढ्या गाइला जात होता. टाळ काही देवळाच्या बडव्यांची मिरासदारी नव्हती. म्हणूनच टिळकांची गीते अखेर त्यांच्याही घरांत शिरली.

टिळक तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे म्हणून तेथे एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले. दरबार अपुरा राहिला.

त्यांच्या घरातला बदल तर त्यांच्या कवितेहून मोठा. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई कित्येक दिवस आपले सोवळे, आपली वेगळी चूल सांभाळून होत्या. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी प्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसतखेळत सांगितले आहे. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले.

आता केडगावकडे वळू. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, पण शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमचे संस्कृत का नको, असा सवाल त्यांनी तिथल्या भगिनींना केला. एका पुरोहितशाहीतून सुटलेली ही बाई दुसरीचे जोखड मानेवर घ्यायला तयार नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली आणि विधवा गोळा केल्या. त्यांतून मुक्ति मिशन उभे राहिले. या मुलींना बायबल कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळ्या ग्रंथाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते काम त्यांनी १९२२ साली मृत्यूपूर्वी पुरे केले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मिशनमधल्या बायकांनीच केले.

येथे एक मौज आहे. टिळकांनी संतांचे शब्द ख्रिस्ती उपासनेत आणले. रमाबाईंनी पंडिती आणि वेदान्ती वळणाचे शब्द वेचून बाहेर काढले. दोघेही संस्कृताचे जाणते, आणि दिशा अगदी उलट! तरी मला दोघांत विरोध दिसत नाही. टिळकांच्या डोळ्यांपुढे भजनाला सरावलेला श्रोता होता. रमाबाईंपुढे अक्षरओळख नुकती झालेली अनाथ मुलगी. आपल्यापुढे बसलेल्या माणसासाठी दोघांनीही आपल्या विद्वत्तेला मुरड घातली.

पुढे विलायतेचा माणूसही हे शिकला. जॅक विन्स्लो या पाद्र्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, आणि १९२७ साली पुण्यात शिवाजीनगरला आश्रम बांधला. खादी नेसावी, जमिनीवर मांडी घालून जेवावे, गोऱ्याने आणि काळ्याने एका पंगतीला बसावे, हा तिथला नेम. राज्यकर्त्यांच्या जातीतला माणूस खाली बसला, हाच तेव्हा मोठा उपदेश होता. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने १९६३ साली लोकभाषेला मोकळीक दिली आणि लॅटिनमधला मिस्सा वसईच्या चर्चमध्ये मराठी बोलू लागला. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्यांनी आपापली पाटी उतरवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे एक घर केले. आपली पाटी उतरवणे किती कठीण, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना मी काय सांगावे!

बदल म्हणजे धर्म बुडाला, असे म्हणणारे सर्वत्र असतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याचा प्रघातदेखील त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली नव्याने पाडला. आज आपण त्याला अनादि परंपरा म्हणतो. म्हणून कोणताही बदल समोर आला, की मी त्याचे वय पाहत नाही. त्याने कोणासाठी दार उघडले आणि कोणासाठी लावून घेतले, एवढेच विचारतो. स्टीफन्सची ओवी, टिळकांचे टाळ, रमाबाईंची सोपी मराठी या कसाला उतरतात. आणि हा कस काही एकट्या ख्रिस्ती मंडळींसाठी नाही.