कस्टम्सच्या कक्षात मोबाइल आणि कॅमेरा : नियम काय, हक्क कोणते?

परदेशातून आलेले विमान धावपट्टीवर टेकले, की आसनाआसनांवरून मोबाइल सुरू होऊ लागतात. न्यायला आलेल्यांना निरोप जातो, टॅक्सीची चौकशी होते आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या मुलांचे छायाचित्रही काढले जाते. त्याच दालनात मोबाइल आणि कॅमेरा वापरण्यास मनाई करणारा फलक लावलेला असतो, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एखादा अधिकारी फोन खिशात ठेवायला सांगतो, तेव्हाच तो आठवतो. बॅग उघडण्यावरून शब्दाला शब्द लागला असेल, तर 'मी चित्रण करणारच' असा हट्टही काही प्रवासी धरतात. ही मनाई कशासाठी आहे, ती कोठपर्यंत लागू होते आणि कॅमेरा बंद ठेवल्यावर प्रवाशाच्या हाती काय उरते, हे आधीच माहीत असलेले बरे.

सीमाशुल्क क्षेत्र म्हणजे काय?

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २ मध्ये 'सीमाशुल्क क्षेत्रा'ची व्याख्या आहे. आयात किंवा निर्यातीचा माल कस्टम्सची परवानगी मिळेपर्यंत जेथे ठेवला जातो, ती जागाही या क्षेत्रात मोडते. त्याच्या सीमा ठरवण्याचा अधिकार कलम ८ अन्वये सीमाशुल्क आयुक्तांना आहे. विमानतळावर येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने सामानाच्या पट्ट्यापासून लाल आणि हिरव्या मार्गिका ओलांडून बाहेरच्या दारापर्यंतचा भाग या क्षेत्रात येतो. त्याच्या अलीकडे पारपत्र तपासणीचा कक्ष असतो. तेथील यंत्रणा वेगळी आणि सूचनाही वेगळ्या. विमानतळाची इमारत चालवणारी कंपनी, सुरक्षा दल, आप्रवासन विभाग आणि कस्टम्स अशा चार यंत्रणा एकाच छताखाली काम करतात. म्हणूनच प्रतीक्षागृहात चालते ते पुढच्या दालनात चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

विमानातली मुभा दालनात लागू नाही

हवाई वाहतुकीचा नियम आणि कस्टम्सचा नियम यांची अनेकदा गल्लत होते. सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून छायाचित्रे घेण्यावर १९३७ च्या विमान नियमांतील १३ व्या नियमाने बंधन घातले होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २००४ मध्ये ते प्रवाशांपुरते शिथिल करून उड्डाणाच्या वेळी, उतरताना आणि प्रवासात विमानाच्या आतून चित्रण करण्यास मुभा दिली. सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगड-मुंबई विमानात एका अभिनेत्रीभोवती वार्ताहरांनी गर्दी केल्याने वाद उद्भवला. त्यानंतर महासंचालनालयाने ही मुभा कायम असल्याचे स्पष्ट केले, मात्र गोंधळ माजेल किंवा सुरक्षेला बाधा येईल असे चित्रण चालणार नाही, असेही बजावले. ही सवलत विमानाच्या आतील भागापुरती आहे. तिच्या आधारे तपासणी कक्षात कॅमेरा रोखता येत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर, तर गोव्याचे दाबोळी नौदलाच्या तळावर आहे. तेथे संरक्षणाच्या कारणास्तवही छायाचित्रणावर निर्बंध आहेत.

मनाईमागची कारणे

पहिले कारण तस्करीचे. सोने, अमली पदार्थ किंवा परकीय चलन आणणारा माणूस बहुधा एकटा नसतो. माल उतरवून घेणारा, बाहेर थांबणारा आणि कधी कधी विमानतळावरच काम करणारा साथीदार, अशी साखळी असते. कोणत्या रांगेत तपासणी कडक आहे, कोणता अधिकारी कोठे उभा आहे, पुढे गेलेल्या साथीदाराला अडवले की सोडले, ही माहिती फोनवरून मागच्याला मिळाली, तर तो माल स्वच्छतागृहात टाकून मोकळा होतो. तपासणी अचानक होण्यावरच तिचा सारा भर असतो.

दुसरे कारण तपासणीच्या पद्धतीचे. क्ष-किरण यंत्रांची मांडणी, बॅगांवर केल्या जाणाऱ्या खुणा, साध्या वेशातील अधिकाऱ्यांचे चेहरे हे सारे चित्रफितीतून बाहेर पडले, की ती पद्धत निकामी होते.

तिसरे कारण इतर प्रवाशांचे. ज्याची बॅग टेबलावर उघडली आहे, तो गुन्हेगार असतोच असे नाही. त्याचे कपडे, औषधे, कागदपत्रे चारचौघांत मांडली जातात. त्याचे चित्रण समाजमाध्यमांवर गेले, तर निर्दोष सुटूनही बदनामी राहते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २०१७ मध्ये दिला. तो हक्क रांगेतल्या शेजाऱ्यालाही आहे.

मनाई मोडल्यास?

सीमाशुल्क अधिनियमात मोबाइल आणि कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र कलम नाही. त्यामुळे अजाणतेपणी फोन काढणाऱ्याला सहसा तो ठेवण्यास सांगितले जाते आणि विषय तेथेच संपतो. सूचना धुडकावून अधिकाऱ्याच्या कामात हेतुपुरस्सर अडथळा आणल्यास मात्र कलम १३३ लागू होऊ शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ११०(३) अन्वये चौकशीस उपयुक्त वाटणारी कागदपत्रे वा वस्तू अधिकारी जप्त करू शकतो. यात मोबाइलही येऊ शकतो. अशा जप्तीची लेखी नोंद होणे आवश्यक असते. फोन नुसताच काढून घेतला गेला, तर प्रवाशाने शांतपणे त्या नोंदीची प्रत मागावी.

इतर देशांत

ऑस्ट्रेलियाने हा विषय कायद्यातच नमूद केला आहे. तेथील सीमाशुल्क कायदा, १९०१ च्या कलम २३४एए अन्वये प्रवाशांची चौकशी व सामानाची तपासणी होते त्या जागी फलक लावता येतो आणि त्या जागेत कॅमेरा, ध्वनिमुद्रक, मोबाइल व संपर्काची अन्य साधने परवानगीविना वापरण्यास मनाई असते. सिडनी किंवा मेलबर्नला मुलांकडे जाणाऱ्या मराठी पालकांना हे फलक परिचित असतील. आई कोठे अडकली हे विचारण्यासाठी मुलगा बाहेरून वारंवार फोन करतो आणि आईला तो उचलता येत नाही, हा प्रकार नियम माहीत नसल्यानेच घडतो.

अमेरिकेतही आप्रवासन व कस्टम्सच्या तपासणी दालनात फोन आणि छायाचित्रण यांना मनाई करणारे फलक असतात. तपासणीसाठीच बनवलेले 'मोबाइल पासपोर्ट कंट्रोल' हे अ‍ॅप त्याला अपवाद आहे. सीमेवरच्या छायाचित्रणाचा वाद तेथे न्यायालयातही गेला. २०१० आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील सीमानाक्यांची बाहेरून छायाचित्रे घेणाऱ्या दोन नागरिकांची छायाचित्रे अधिकाऱ्यांनी पुसून टाकली. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांचा दावा पुन्हा सुनावणीस पाठवला. २०२० मधील तडजोडीनुसार जमिनीवरील सीमानाक्यांच्या बाहेरच्या सार्वजनिक जागेतून चित्रण करण्याचा हक्क मान्य झाला. विमानतळाच्या आतील तपासणी दालनाचा त्यात समावेश नाही.

प्रवाशाने फोन वापरण्यावर बंदी असली, तरी अधिकारी प्रवाशाचा फोन तपासू शकतात. सप्टेंबर २०२४ अखेर संपलेल्या वर्षात अमेरिकेत सुमारे ४७ हजार प्रवाशांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे तपासली गेली. एकूण प्रवाशांच्या तुलनेत हे प्रमाण एक शतांश टक्क्याच्या आसपास आहे. न्यूझीलंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, वाजवी संशय असताना मागितलेला पासवर्ड सबळ कारणाविना नाकारल्यास पाच हजार न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

कॅमेरा नसताना संरक्षण कशाचे?

अधिकाऱ्याने अरेरावी केली, खोटा आळ घेतला किंवा पैसे मागितले, तर चित्रणाविना पुरावा कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सीमाशुल्क अधिनियमातच आहे, मात्र ते मागून घ्यावे लागते.

अंगझडती घेण्यापूर्वी प्रवाशाने मागणी केल्यास त्याला विनाविलंब जवळच्या राजपत्रित सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे नेणे कलम १०२ अन्वये बंधनकारक आहे. झडतीला सबळ कारण नाही असे त्यांना वाटले, तर प्रवाशाला सोडून द्यावे लागते. झडतीच्या वेळी दोन किंवा अधिक पंच हजर हवेत आणि सापडलेल्या वस्तूंच्या यादीवर त्यांच्या सह्या हव्यात. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची, यात सवलत नाही. ही तरतूद अंगझडतीसाठी आहे. बॅग उघडून दाखवण्यास त्या आधारे नकार देता येत नाही.

वस्तू अडवून ठेवली, तर पावती घ्यावी आणि त्यावरील वर्णन, वजन व संख्या तेथेच ताडून पाहावी. शुल्क भरले तर त्याचीही पावती घ्यावी. पावतीविना पैसे देऊ नयेत. वस्तू सरकारजमा करण्यापूर्वी कलम १२४ अन्वये कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. छापील मजकुरावर सही घेऊन प्रवाशाला हा हक्क सोडायला लावण्याची पद्धत कायद्याला धरून नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. म्हणून न समजणाऱ्या मजकुराखाली सही करू नये. जप्तीनंतर सहा महिन्यांत नोटीस न निघाल्यास वस्तू परत करावी लागते. लेखी कारणे देऊन ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. आदेशाविरुद्ध साठ दिवसांत आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते. प्रवासी सामानाच्या प्रकरणात त्यापुढची पायरी म्हणजे केंद्र सरकारकडे फेरतपासणी अर्ज.

अटक झाली, तर फोनबंदीचे कारण सांगून नातेवाइकांना अंधारात ठेवता येत नाही. अटकेबाबत फौजदारी प्रक्रियेतील संरक्षणे सीमाशुल्क कायद्याखालील अटकेलाही लागू होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी राधिका अग्रवाल प्रकरणात स्पष्ट केले. अटकेची कारणे कळणे, नातेवाइकांना खबर जाणे आणि वकिलाला भेटता येणे यांचा त्यात समावेश आहे.

कॅमेऱ्याचा प्रश्नही न्यायालयाने विचारात घेतला आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांबरोबरच चौकशीचे व अटकेचे अधिकार असलेल्या केंद्रीय यंत्रणांच्या कार्यालयांतही सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. त्यामुळे तक्रार असल्यास दिनांक, वेळ, विमानाचा क्रमांक आणि टेबल कोठे होते याचा उल्लेख करून चित्रण जतन करण्याची लेखी मागणी लगेच करावी. माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये अर्जही करता येतो. प्रवाशाचा कॅमेरा बंद ठेवायला लावणाऱ्या व्यवस्थेने स्वतःचा कॅमेरा चालू ठेवला पाहिजे, अशी अपेक्षा नागरिकाने ठेवणे मुळीच गैर नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

गंमत अशी, की हेच कस्टम्स खाते प्रवाशाच्या मोबाइलचा उपयोगही करून घेते. २०१९ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने सामानाचे घोषणापत्र आगाऊ भरण्यासाठी 'अतिथी' हे अ‍ॅप आणले. अशी कामे दालनात शिरण्यापूर्वीच उरकावीत.

खरेदीच्या पावत्या केवळ फोनमध्ये न ठेवता छापून हाताशी ठेवाव्यात. न्यायला येणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. विशेषतः ज्येष्ठ नागरिकांनी हे करावेच. विमानातून उतरल्यावर 'पाऊण तास फोन लागणार नाही' असा एक निरोप पाठवला, की बाहेरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही. अंगावरचे मौल्यवान दागिने परदेशी नेऊन परत आणायचे असतील, तर जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे आणि दागिन्यांची छायाचित्रे घरीच काढून ठेवावीत. परतताना 'हे आमचेच आहेत' हे सांगायला ते प्रमाणपत्र मोबाइलमधल्या चित्रणापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

दालनात अधिकाऱ्याने फोन ठेवायला सांगितले, तर तो ठेवावा. वाद चित्रणावर गेला, की मूळ तक्रार बाजूला राहते आणि सूचना मोडल्याचा ठपका प्रवाशावर येतो. त्याऐवजी अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा विचारावा, गरज पडल्यास वरिष्ठांची भेट मागावी, प्रत्येक कागदाची प्रत घ्यावी आणि बाहेर पडताच घडलेला प्रकार वेळेसह लिहून काढावा. पुढे अपिलात किंवा तक्रारीत हाच तपशील उपयोगी पडतो.