चित्राचा हवाला

मजकुराच्या ओघातच चित्र बसविण्याची जी सोय आज संगणकाच्या पडद्यावर इतकी अंगवळणी पडली आहे, तिचा मसुदा इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन या तरुणाने २५ फेब्रुवारी १९९३ रोजी एका छोटेखानी पत्राद्वारे आपल्या समव्यावसायिकांपुढे ठेवला. पानाच्या मजकुरातील एका खुणेत चित्राचा केवळ पत्ता लिहावा, आणि वाचकाच्या यंत्राने त्या पत्त्यावरून चित्र आणून जागच्या जागी मांडावे, अशी ही तजवीज होती. तीवर हरकती आल्या. चित्रच काय, कोणताही दस्तऐवज अंतर्भूत करता येईल अशी व्यापक खूण हवी, असे काहींचे म्हणणे पडले. खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दुव्याच्या प्रचलित खुणेतच भर घालण्याचा पर्याय सुचविला. तात्त्विकदृष्ट्या हे आक्षेप अधिक भक्कम होते, असे माझे मत आहे. परंतु अँड्रीसन आणि त्यांचे सहकारी यांचा ‘मोझेइक’ ब्राउझर त्याच वर्षी लोकांच्या हाती पडला, आणि ज्याचा अंमल बसला तोच कायदा ठरला.

पुढे सामान्य माणसे आंतरजालावरील जाहीर फलकांवर लिहू लागली, तेव्हा त्यांना एचटीएमएलची, म्हणजे वेबपानांच्या मूळ खुणांच्या भाषेची, सरसकट मुभा देणे धोक्याचे होते, कारण त्या वाटेने एखादा खोडसाळ मनुष्य इतरांच्या यंत्रांत नको त्या आज्ञा घुसडू शकला असता. म्हणून १९९८ च्या सुमारास एचटीएमएलच्या कोनदार कंसांच्या जागी चौकोनी कंसांची साधी परिभाषा आली: कंसात ‘आयएमजी’ ही अक्षरे, मग चित्राचा पत्ता, आणि शेवटी पुन्हा कंसात तिरपी रेघ देऊन तीच अक्षरे. ती रेघ विसरली, की चित्राऐवजी लांबलचक पत्ता पानावर उघडा पडे. फलकाची आज्ञावली ओळखीच्या खुणांचेच रूपांतर करी आणि बाकीचे सारे निव्वळ अक्षर म्हणून सोडून देई. ज्यांनी संगणकशास्त्राचे एक पानही वाचले नव्हते, त्यांना सचित्र लिहिण्याची सनद मिळाली ती या युक्तीने, आणि तिचे मोल मी फार मोठे मानतो.

छापखान्यातील ठसा उमटला की चित्र त्या कागदाचेच होऊन राहते. वेबवर मात्र पानाकडे असतो तो केवळ हवाला, आणि चित्र दुसऱ्याच्या कोठारात. २०१७ मध्ये लोकांची चित्रे साठवून ठेवणाऱ्या फोटोबकेट या कंपनीने अशा परस्पर वापरासाठी वर्षाला ३९९.९९ डॉलर आकारण्याचे ठरविले, तेव्हा असंख्य जुन्या लेखांतील चित्रांच्या जागी एकच सूचनाफलक झळकू लागला. पुढच्या वर्षी कंपनीने तो निर्णय फिरविला. तरीही ज्यांची चित्रे अशी परक्या दफ्तरी आहेत, त्यांनी मूळ प्रती आपल्यापाशी उतरवून घ्याव्यात.