जबलपूरचे लेकरू

स्नूकर हा खेळ विलायती, असा आपला समज असतो. परंतु त्याचा जन्म जबलपूरचा. १८७५ साली तेथील छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडून हा नवा डाव रचला, असे त्याने स्वतःच १९३८ साली लिहिले. पंतप्रधान चेंबरलेन ते हे नव्हेत. लष्करी विद्यालयातील नवशिक्याला ‘स्नूकर’ म्हणत. सोपा चेंडू हुकविणाऱ्या सोबत्याला त्याने ही पदवी दिली आणि तीच खेळाला चिकटली.

पुढे खेळ इंग्लंडात गेला व तेथेच थोर झाला. १९२७ साली जो डेव्हिस पहिला जगज्जेता ठरला. व्यावसायिक खेळाडूंची क्रमवारी १९७६ साली सुरू झाली. तिचे गुण मात्र १९८२ पर्यंत केवळ जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेतच मिळत. नंतर अशा मानांकन स्पर्धा वाढल्या, थायलंड-चीनपर्यंत पोहोचल्या. जन्मभूमी तेवढी राहून गेली.

अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये दिल्लीला ‘इंडियन ओपन’ ही भारतातील पहिली मानांकन स्पर्धा भरली. मुंबईच्या आदित्य मेहताने अंतिम फेरी गाठली. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. तेथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५-० असे हरविले. त्यानंतर मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टण असा प्रवास करून स्पर्धा २०१९ साली कोचीत भरली आणि मग तिला खंड पडला.

एकशे अडतीस वर्षांनी लेकरू घरी आले खरे. पण आले ते पाहुण्यासारखे. खेळ जन्मास घालणे एक, आणि त्याला पिढ्यान्‌पिढ्या जोपासणे वेगळे!